आजोबांचा ॲप्रन आणि दर महिन्याची 'मिटिंग'

ताई, नमस्कार.

मी पुण्यात राहतो, वय ४१. आयटीत आहे, आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. गेल्या दिवाळीत परळचं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत एक चपटी चामडी बॅग सापडली. आत पांढऱ्या कातड्याचा ॲप्रन, त्याला फिकट निळी किनार, वर निळ्या रिबिनीची तीन फुलं आणि दोन बाजूंना रुपेरी गोंडे. शिवाय पांढरे हातमोजे आणि तळहाताएवढं निळं इंग्रजी पुस्तक. त्यात निम्मे शब्द म्हणजे नुसतं पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं. आतल्या पानावर १९५२ साल आणि समासांत आजोबांनी पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेलं. आजोबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते, पुढे चार्जमन झाले. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. आजी एवढंच सांगायची की महिन्यातून एकदा त्यांची 'मिटिंग' असायची.

ऑफिसातल्या एका सीनियरना फोटो दाखवला, तर ते स्वतः फ्रीमेसन निघाले, म्हणजे बंद दाराआड विधी करणाऱ्या त्या जुन्या बंधुसंघाचे सभासद. म्हणाले, "मी बोलावणार नाही, यावंसं वाटलं तर तुम्हीच विचारायचं." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बायको म्हणते, "जिथे मला प्रवेश नाही, तिथे तू कसला बंधुभाव शिकणार?" आई म्हणते, ती सैतानाची पूजा करणारी माणसं, तिने व्हॉट्सॲपवर पाहिलंय. मित्र म्हणतो, जा, ओळखी होतील. आणि तिथे म्हणे देव मानता का, असं विचारतात. घरी गणपती बसवतो मी, पण मनातलं विचाराल तर उत्तर देता येत नाही.

ही मंडळी आली कुठून? आजोबांना तिथे काय मिळालं असेल? मी जावं का?

– ट्रंकवाला नातू, पुणे

ता. क. २०२० नंतर मला मित्र असे उरलेच नाहीत. ज्याचं मत वर लिहिलंय तोही वर्षातून दोनदा फोनवर भेटतो. वाढदिवसाला ऑफिसच्या ग्रुपवर केकचं चित्र येतं. हे लिहावं की नाही कळत नव्हतं.

●

नमस्कार,

तुमच्या आजींनी 'मिटिंग' हाच शब्द का धरून ठेवला असेल, ते माझ्या लगेच लक्षात आलं. फ्रीमेसनांच्या शाखेला लॉज म्हणतात. "आमचे हे दर महिन्याला लॉजवर जातात" असं चाळीच्या नळावर कोण सांगेल?

माझी आत्या रास्ता पेठेत राहायची. आतोबा बँकेत होते आणि मेसन होते. महिन्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी पांढरा शर्ट, काळा टाय, सायकलच्या हँडलला तुमच्या आजोबांसारखीच चपटी बॅग, आणि स्वारी कॅम्पाच्या दिशेने. आधीचे आठ दिवस गॅलरीत येरझारा घालत इंग्रजीत पुटपुटणं चालायचं. आम्हा पोरांची खात्री होती की ते मंत्र आहेत आणि बॅगेत कवटी आहे. एकदा बॅग उघडी राहिली, तर आत ॲप्रन, हातमोजे आणि जेलुसिलच्या गोळ्या निघाल्या. आमची फार निराशा झाली.

मी स्वतः मेसन नाही, आणि बाई असल्यामुळे त्यांच्या नेहमीच्या लॉजमध्ये होऊही शकत नाही. तेव्हा दारापर्यंतचं पाहिलेलं आणि बाकी वाचलेलं, एवढ्या भांडवलावर सांगते.

मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. मध्ययुगात ब्रिटनमध्ये चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या पंचायती होत्या. उमेदवारी किती वर्षं, उस्ताद कधी म्हणायचं, काम अर्धवट टाकून पळाला तर दंड काय, असले त्यांचे नियम. स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये हे नियम नीट लिहून काढले, आणि एडिंबराच्या लॉजची १५९९ पासूनची इतिवृत्तं आजही आहेत. त्या नियमांतलं एक कलम मला फार आवडतं. प्रत्येक कारागिराच्या आणि उमेदवाराच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यावी, आणि विसरला तर दंड करावा. दगड घडवणाऱ्याचं पाठांतराशी काय देणंघेणं, याचं उत्तर कुणी नीट देत नाही. पण आतोबांचं गॅलरीतलं पुटपुटणं तिथून आलं असावं.

पुढच्या शतकात हातात कधी छिन्नी न धरलेली माणसं या पंचायतींत शिरू लागली. इलायस ॲशमोल नावाचा ज्योतिषाचा आणि जुन्या वस्तूंचा नादी असलेला गृहस्थ १६४६ च्या ऑक्टोबरात वॉरिंग्टनला मेसन झाला, तशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. इंग्लंडात ती यादवीची वर्षं होती, धर्मावरून माणसं एकमेकांचे गळे कापत होती. ज्या खोलीत धर्म आणि राजकारण हे दोन विषय काढायचेच नाहीत अशी एक खोली असावी, असं लोकांना का वाटू लागलं असेल हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपल्या सोसायटीच्या ग्रुपलाही तो नियम हवा असतो आणि कुणी पाळत नाही. मग २४ जून १७१७ ला लंडनमधल्या 'गूज अँड ग्रिडआयर्न' नावाच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आले आणि त्यांनी ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापला, अशी परंपरा आहे. अलीकडे काही इतिहासकार म्हणतात की हे खरं घडलं १७२१ मध्ये आणि चार वर्षं मागची तारीख नंतर चिकटवली. कुठल्याही मंडळाचा सुवर्णमहोत्सव पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

खरी गंमत पुढे आहे. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन नावाच्या पाद्र्याने मेसनांची घटना छापली. तिच्या आरंभी इतिहास दिलाय आणि तो सुरू होतो ॲडमपासून. ॲडमच्या हृदयावर म्हणे भूमिती कोरलेली होती. तिथून नोहा, सॉलोमन राजाचं जेरुसलेमचं मंदिर, असं करत करत गाडी लंडनला येते. आपल्याकडे प्रत्येक जातीचं एक पुराण असतं, प्रत्येक देवळाचं एक माहात्म्य असतं, आणि तिथल्या कुंडात रामाने आंघोळ केलेली असते. हे तसंच. आतले शहाणे लोक त्याला कथाच समजतात. तुम्हाला लॉजमध्ये कुणी सॉलोमनच्या काळापासूनची अखंड परंपरा गंभीर चेहऱ्याने सांगू लागला, तर मान डोलवा आणि मनात १५९९ धरा.

मात्र ज्या कथेत तुमच्या आजोबांचा माग लागतो ती इथली आहे, आणि ती तितकीशी गोंडस नाही. कलकत्त्यात कंपनीच्या गोऱ्यांनी १७३० च्या सुमारास लॉज काढला, मुंबईतही त्याच शतकात निघाला. जगातली सगळी माणसं भाऊ, असं आत म्हणायचं; दार मात्र गोऱ्यांपुरतं. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी नावाचे पारशी गृहस्थ आत यायला निघाले तर इथल्या लॉजने नकार दिला. ते विलायतेपर्यंत गेले, तिथेही जमेना. शेवटी पॅरिसच्या लॉजने त्यांना मेसन करून घेतलं. परत आले, तरी मुंबईच्या लॉजचं दार बंदच. तेव्हा कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स, जो पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजचा प्रमुख होता, त्याने १८४३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानी लोकांसाठी वेगळाच लॉज काढला: 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. या बर्न्सचा सख्खा भाऊ अलेक्झांडर दोनच वर्षांपूर्वी काबूलच्या जमावाने मारला होता. अशा माणसाने त्यानंतर हे करावं याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

हिंदूंना तर आणखी उशीर. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ पासून प्रयत्न चालवला, आत घेतलं १८७२ ला. हरकत काय? तुम्ही एक देव मानत नाही, आणि ज्यांच्याकडे जातीची उतरंड आहे ते कसले बंधू होणार. पहिल्या हरकतीवर वाद घालता येईल. दुसरी वाचताना मी गप्प बसले. दत्तांच्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त हा विशीतला पोरगा मेसन झाला, जो पुढे विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाला.

आता तुमचा ॲप्रन. तुम्ही तीन फुलं लिहिलीत, मी तिथे थांबले. नव्याने आलेल्याचा ॲप्रन साधा पांढरा असतो, दुसऱ्या पायरीवर दोन फुलं येतात, तिसऱ्या पायरीवर तीन. म्हणजे तुमचे आजोबा मास्टर मेसन झाले होते. फुलांच्या जागी उलट्या इंग्रजी 'टी'सारख्या पट्ट्या असत्या, तर ते लॉजच्या मुख्य खुर्चीतही बसून गेले असं म्हटलं असतं. तशा नाहीत, हरकत नाही.

आणि पेन्सिल. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती पेन्सिल. व्हर्नाक्युलर फायनल झालेला फिटर, दिवसभर इंजिनांच्या तेलात हात घातलेला, रात्री चाळीच्या दिव्याखाली आद्याक्षरांचं इंग्रजी फोडतोय. १९५२ ला साहेब नुकतेच गेले होते, पण वर्कशॉपमधली उतरंड कुठे गेली होती? सुपरिंटेंडेंटसमोर उभं राहायचं ते टोपी काढून. अशा काळात महिन्यातून एका संध्याकाळी हा माणूस हातमोजे घालून पारशी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू अशा मंडळींसमोर उभा राहून पानभर जड इंग्रजी न अडखळता म्हणत असेल, आणि समोरचा त्याला 'ब्रदर' म्हणत असेल. त्यांच्यात प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, दुसऱ्याच्या पाणसळ, तिसऱ्याच्या ओळंबा. ही हत्यारं बाकीच्यांना प्रतीकं म्हणून शिकावी लागतात. तुमच्या आजोबांनी ती खरोखर वापरली होती. अनघड दगड घासून घडीव करायचा, हे मेसनांचं स्वतःला सुधारण्याचं रूपक; पण घासणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? त्यांना काय मिळालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण माणूस नुसत्या जेवणासाठी एवढं पाठांतर करत नाही.

जेवणावरून आठवलं. लॉजनंतर सगळे एका टेबलावर जेवतात, आणि ते दुय्यम नाही. आपल्याकडे कोण कुणाच्या हातचं खातो यावर सगळं ठरायचं. आपल्या मुंबईतच १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि मंडळींनी परमहंस सभा चालवली, तीही गुप्त. तिथे सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. बस्स, एवढीच दीक्षा. आज आपण रोज सकाळी बेकरीचा पाव चहात बुडवतो, त्यामुळे त्या घासाला किती छाती लागत असेल ते कळणार नाही. पकडलं गेलं तर वाळीत. १८६० मध्ये सभेची नावांची वही चोरीला गेली, आणि सभा बसली. नुसत्या एका यादीने बसली.

तुमच्या आईंना गुप्ततेची भीती वाटते, म्हणून मी त्या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवते. १९८१ च्या मार्चमध्ये इटलीत पोलिसांना लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या ठिकाणी ९६२ नावं सापडली: मंत्री, सेनापती, बँकवाले, संपादक. हा 'पी टू' नावाचा लॉज. त्याला इटलीच्या मुख्य मेसन संस्थेने आधीच बाहेर काढलं होतं, पण खाजगी सत्ताकेंद्र म्हणून तो आतल्या आत चालू होता. त्या यादीने इटलीचं सरकार पडलं. दोन्हीकडे माणसांनी नावं लपवली होती. एकीकडे पाव खाल्ला म्हणून, दुसरीकडे राज्य खाल्लं म्हणून. तेव्हा गुप्त आहे एवढ्यावरून माझं मत बनत नाही, काय झाकलंय ते मी विचारते. आणि तुमच्या सीनियरांच्या लॉजमध्ये झाकण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. लंडनमध्ये सॅम्युएल प्रिचर्डने त्यांचे विधी १७३० मध्येच छापून विकले होते. तरीही पहिल्या रात्री काय होतं ते मी इथे लिहीत नाही, गेलात तर तुमची गंमत जाईल. एवढंच सांगते की खिशातलं पाकीट बाहेर ठेवायला लावतात, आणि ते का, हे अर्ध्या तासाने कळतं.

सैतानाचं मात्र आईंना जरूर सांगा. लेओ ताक्सिल नावाच्या एका फ्रेंच इसमाने १८८५ पासून बारा वर्षं मेसन लोक सैतानपूजा करतात अशी पुस्तकांवर पुस्तकं काढली. साक्षीदार बाईसुद्धा कल्पनेतून उभी केली. मोठमोठे धर्मगुरू फसले. आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये सभा भरवून त्याने सांगितलं की सगळं मी रचलेलं. लोक इतके खवळले की त्याला पोलिसांच्या आडोशाने निघावं लागलं. आईंच्या फोनवर जे आलं ते त्याच खरकट्यातलं आहे. अर्थात यावर त्या म्हणतील, "असेल, पण आग असल्याशिवाय धूर निघतो का?" तिथे मी हात टेकले. तुमचं तुम्ही बघा.

तुमच्या मित्राचं बघू. सभासद होताना एक कबुली द्यावी लागते: मला कुणी गळ घातलेली नाही आणि मी कसल्याही फायद्याच्या आशेने आलेलो नाही. ओळखींसाठी जाणारा माणूस उंबरठ्यावरच खोटी सही करतो. आता मेसन एकमेकांना मदत करत नाहीत का? करतात. आतोबा १९८८ मध्ये गेले. तेरावा झाला, नातेवाईक पांगले. पुढच्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी एक म्हातारे पारशी गृहस्थ जिना चढून यायचे. फॅमिली पेन्शनचा फॉर्म, विजेचं बिल आत्याच्या नावावर, लॉकरची भानगड, सगळं त्यांनी निस्तरलं. कामं संपली तरी येत राहिले, सहा वर्षं. आत्याने एकदा न राहवून विचारलं, "आमच्या ह्यांचं तुमच्यावर काही देणं होतं का?" ते म्हणाले, "नाय रे बाबा, तुमचा चहा बरा असते." ही एक बाजू. दुसरी अशी की लॉजमधल्याच एका 'बंधू'ने आतोबांकडून पैसे उसने घेतले ते बुडवले. आणि माझ्या आतेबहिणीचा पहिला वाढदिवस नव्या प्रमुखाच्या पदग्रहणाच्या संध्याकाळीच आला, आतोबा रात्री अकराला घरी. ते आत्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. मेसन लोकही माणसंच. तुमच्या सोसायटीत सापडतात त्याच प्रमाणात.

इथून तुमच्या बायकोच्या प्रश्नावर यावं लागतं, कारण ती वाढदिवसाची संध्याकाळ आत्याने एकटीने निभावली होती. तुमच्या बायकोचा प्रश्न तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा अणकुचीदार आहे आणि त्याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. परंपरा आहे, हे उत्तर झालं का? स्त्री-पुरुष दोघांना घेणारी मेसन शाखा १८९३ मध्ये पॅरिसला निघाली, ॲनी बेझंट बाईंनी ती हिंदुस्थानात आणली. इंग्लंडमध्ये केवळ स्त्रियांचे लॉजही शंभरावर वर्षं चालू आहेत. पण मुख्य प्रवाहातले लॉज अजून पुरुषांचेच. काही पुरुषांना महिन्यातली एक संध्याकाळ नुसती पुरुषांत बसावंसं वाटतं, यात मला गैर वाटत नाही. माझीही भिशी आहे. फक्त ते सरळ तसं म्हणावं, 'मानवजातीचा बंधुभाव' असं नाव देऊन बायकोला गप्प करू नये. बऱ्याच लॉजची माणसं अर्जानंतर घरी येऊन बसतात, घरच्यांशी बोलतात. ती येतील तेव्हा हाच प्रश्न तिने त्यांना तोंडावर विचारावा, तुम्ही मध्ये पडू नये. ते कसं उत्तर देतात यावरून लॉजची पारख होईल. खर्चही तिच्यादेखत विचारा: प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, काळा सूट, दर वेळचं जेवण, दानाच्या पेटीत काय पडतं ते.

देवाचं सांगते, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. भारतातले नेहमीचे लॉज, मग १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाचे असोत की इंग्लंड-स्कॉटलंडशी नातं ठेवून राहिलेले, परमेश्वर मानणाऱ्यालाच घेतात. कुठला, ते विचारत नाहीत. समोर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहेब असं सगळं मांडलेलं असतं. फ्रान्सच्या ग्राँ ओरियाँ या मेसन संस्थेने १८७७ मध्ये ही अट काढून टाकली आणि तेव्हापासून इंग्रजी मेसन त्यांना आपले म्हणत नाहीत. म्हणजे ही अट त्यांच्या लेखी फॉर्मवरचा रकाना नाही. तुम्ही म्हणता उत्तर देता येत नाही. मग ते येईपर्यंत सही करू नका. 'गणपती बसवतो म्हणजे मानतोच की' असली पळवाट मित्र सुचवेल. पण ज्या जागी तुम्ही जन्मभराचे भाऊ शोधायला जाताय तिथलं पहिलंच वाक्य थाप असेल, तर पुढे ज्याला ज्याला ब्रदर म्हणाल त्याच्यासमोर ती थाप तुमच्या शेजारी उभी राहील. उलट सीनियरांना हे जसंच्या तसं सांगून बघा: "मला ठामपणे हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणवत नाही." चांगला माणूस असेल तर घाईने फॉर्म पुढे करणार नाही.

आता ताजा कलम. बरं झालं लिहिलंत. २०२० नंतर अशी पत्रं मला इतकी येतात की वेगळा कप्पा केलाय, आणि बहुतेक पुरुषांची असतात. चाळिशीतल्या पुरुषाला नवा मित्र कसा करतात ते माहीतच नसतं. शाळेत बाक मिळाला म्हणून मित्र झाला, हॉस्टेलात खोली मिळाली म्हणून झाला. लॉज नेमका हा बाक देतो: ठरलेला वार, ठरलेली खुर्ची, ठरलेली वाक्यं, आणि गैरहजर राहिलात तर फोन करणारं कुणीतरी. मला वाटतं तुमचा जीव ॲप्रनपेक्षा त्या फोनवर आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आजोबांच्या नावाखाली जाऊ नका. तुम्ही जाल तो लॉज आजोबांचा नसेल, तिथे त्यांना पाहिलेलं कुणी नसेल, आणि तुम्हाला इंग्रजी म्हणताना छाती धडधडणारही नाही. त्यांनी जे कष्टाने कमावलं ते तुम्हाला वारशात फुकट मिळालंय. तुम्हाला जे मिळवायचंय ते वेगळं आहे.

माझं मत विचाराल तर: आत्ता अर्ज करू नका, सहा महिने थांबा. या सहा महिन्यांत महिन्याचा एक वार, समजा दुसरा गुरुवार, संध्याकाळी सात ते दहा रिकामा काढा. लॅपटॉप बंद. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या त्या मित्राला बोलवा, नाहीतर सीनियरांबरोबर कुठेतरी बसून जेवा आणि त्यांना त्यांच्या लॉजमधलं सगळ्यात कंटाळवाणं काय ते विचारा. सहापैकी पाच गुरुवार टिकले आणि देवाच्या प्रश्नावर तुमचं तुम्हाला उत्तर सापडलं, तर खुशाल विचारा त्यांना. दोनच टिकले, तर लॉजमध्येही तुम्ही पहिल्या वर्षानंतर वर्गणी भरून गैरहजर राहणाऱ्यांत असाल. तसे तिथे आधीच पुष्कळ आहेत, असं आतोबा म्हणायचे.

आणि एक काम माझ्यासाठी करा. ते निळं पुस्तक नाटकाच्या संहितेसारखं असतं, प्रत्येक संवादाआधी कुणी बोलायचं ते घातलेलं असतं. नाटकातले लोक आपापल्या ओळींवर खुणा करतात तशा आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा कुणाच्या ओळींवर आहेत ते बघा. आतला पहारेकरी, निरोप पोचवणारा डीकन, की प्रमुखाच्या हाताखालचा वॉर्डन? त्यावरून ते कुठल्या जागेवर उभे राहायचे ते कळेल. आणि शेवटची खूण कुठल्या पानावर आहे तेही कळवा. पुस्तक जपून उघडा, सत्तर वर्षांचा कागद आहे, शिवण सुटेल.